दुबईत 98 हजारांना मिळणारा फोन भारतात 1 लाख 20 हजारांना का?

आपला प्रश्न असा आहे की, सप्टेंबर 2024 मध्ये बाजारात आलेला आयफोन 16 प्रो दुबईत 4,299 दिरहॅमला, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे 98 हजार रुपयांना मिळत असताना भारतात त्याला 1,19,900 रुपये का मोजावे लागत होते आणि मधले 22 हजार नेमके कोणाच्या खिशात जात होते. न्हावा शेवा बंदरात आयात मालाची कागदपत्रे करणे हेच माझे काम असल्यामुळे आधी हिशेब मांडतो.

भारतातील किमतीतून 18 टक्के जीएसटी वजा केला की साधारण 1,01,600 रुपये उरतात. दुबईतील किमतीतून 5 टक्के व्हॅट वजा केला की सुमारे 93,200. म्हणजे 22 हजारांपैकी साडेतेरा हजारांच्या आसपासची तफावत केवळ या दोन करांची आहे. लोक सरसकट कस्टम ड्यूटीच्या, म्हणजे सीमाशुल्काच्या नावाने बोटे मोडतात, पण लॅपटॉपवर ती मुळातच शून्य आहे, कारण माहिती तंत्रज्ञानाच्या वस्तूंबाबतच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत 1997 मध्ये सामील झाला होता.

मोबाइलची गोष्ट मात्र वेगळी. तयार फोनवरील सीमाशुल्क डिसेंबर 2017 मध्ये 15 टक्के आणि पुढच्याच अर्थसंकल्पात 20 टक्के झाले. जुलै 2024 मध्ये ते पुन्हा 15 टक्क्यांवर आले. आता बिल ऑफ एन्ट्रीवर, म्हणजे आयात मालाच्या सीमाशुल्क कागदावर, ही आकडेमोड कशी होते ते पाहा: 100 रुपये मूल्याच्या फोनवर 15 रुपये ड्यूटी, त्या ड्यूटीवर 10 टक्के समाजकल्याण अधिभार म्हणजे दीड रुपया, आणि मग मूळ 100 वर नव्हे, तर या 116.50 रुपयांवर 18 टक्के आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी), म्हणजे 20.97 रुपये. फोन बंदराबाहेर पडतो तो 137.47 रुपयांना. वितरक आणि दुकानदार आपले कमिशन टक्क्यांत घेतात, त्यामुळे भरलेल्या ड्यूटीवरही त्यांचा नफा चढतो. देशात फोनची जुळणी वाढावी हा या शुल्कामागचा हेतू होता आणि तो बऱ्याच अंशी साधला, हे मान्य करावे लागेल; पण महागड्या फोनच्या ग्राहकाला त्याचा फारसा लाभ झाला, असे मला वाटत नाही.

कराखेरीज दोन कारणे उरतात. दिरहॅम 1997 पासून डॉलरला 3.6725 या दराने बांधलेला असल्याने तिथल्या विक्रेत्याला चलनाची धास्ती नसते; रुपया घसरेल हे गृहीत धरून भारतातील किमतीत मात्र थोडी जागा ठेवली जाते. शिवाय दुबईतील जेबेल अली बंदरासारख्या करमुक्त व्यापार क्षेत्रात माल प्रचंड प्रमाणात उतरतो आणि तिथूनच इतर देशांत जातो, तेव्हा त्याच्यावर स्थानिक शुल्क लागत नाही. आपल्याकडे एखादी कॅमेऱ्याची लेन्स मोजक्या नगांत येते आणि वाहतूक, विमा, एमआरपीची लेबले हा सगळा खर्च त्या मोजक्या नगांवरच पडतो.

आपली स्वतःची जीएसटी नोंदणी असेल आणि लॅपटॉप व्यवसायासाठी घ्यायचा असेल, तर तो इथेच, पक्क्या बिलावर घ्यावा. 18 टक्क्यांचे इनपुट क्रेडिट मिळाले, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी आपल्या देय जीएसटीतून वजा झाला, की दुबईचा भाव बहुतेक वेळा परवडेनासा होतो.