आई "घेतल्या" म्हणते, पण गोळ्या तशाच उरतात

"मॅडम, आईला शुगर, बीपी, थायरॉईड सगळंय, रोज फोन करतो, घेतल्या म्हणते आणि गावी गेलं की पाकिटं तशीच. ओरडून ओरडून थकलो." असं सांगणारी मुलं-सुना मला आठवड्याला दोन-तीन तरी भेटतात. म्हणून एका काकूंची गोष्ट सांगते, ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक बदललंय.

काकू तासगावकडच्या, वय साठीच्या पुढं, मुलगा पुण्यात. त्यानं सात कप्प्यांचा गोळ्यांचा डबा आणून दिलेला, काकूंनी त्यात लवंगा-वेलदोडे भरले होते. मला खरं तर हसूच आलं, पण मुलगा आधीच तापलेला. त्याला बाहेर चहाला पाठवलं आणि काकूंना विचारलं, की सगळ्यात नकोशी गोळी कुठली? का घेत नाही असं विचारलं की माणूस कोर्टात उभं राहिल्यासारखं करतं, हे मी बऱ्याच चुका करून शिकलेय.

काकूंनी पिशवी ओतली. आठ पाकिटं. एक उचलून म्हणाल्या, "ही लघवीची. ही घेतली की अर्ध्या तासाला जावं लागतंय. आमी बायका द्राक्षाच्या विरळणीला जातोय, तिथं कुठं जायाचं वो ताई? गडीमाणसं असत्यात." एसटीनं मिरजेला यायचं असलं तरी हीच अडचण. मग सकाळची ती एक चुकवायची म्हणून सकाळच्या सगळ्याच राहायच्या, कारण कुठली कशाची ते पाठ नव्हतं.

आता ही लघवीची गोळी आली कुठनं? पायाला सूज म्हणून. आणि पाकिटं शेजारी शेजारी ठेवली तर बीपीच्या दोन गोळ्यांत तेच औषध, अ‍ॅम्लोडिपिन. गावातल्या डॉक्टरांनी दिलेली एकटी, मिरजेतल्या डॉक्टरांच्या गोळीत टेल्मिसार्टन या बीपीच्याच दुसऱ्या औषधाबरोबर जोडीनं. कंपनी वेगळी, रंग वेगळा, त्यामुळं कुणाच्या लक्षात आलं नाही. अ‍ॅम्लोडिपिननं घोट्याला सूज येऊ शकते, डोस वाढला की जास्तच. मी डॉक्टर नाही, मी गोळी बंद करत नाही, पण सगळी पिशवी उचलून त्यांना त्याच दिवशी मिरजेच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी जादाची बीपीची बंद केली, दोन-तीन आठवड्यांत सूज उतरली, मग बीपी बघून लघवीचीही त्यांनीच थांबवली. (हे वाचून कुणी आपल्या मनानं बंद करू नका, कुणाला ती हृदयासाठी किंवा किडनीसाठी दिलेली असते.)

थायरॉईडचीही गंमतच. पाचला उठून चहाबरोबर ती आणि कॅल्शियम एकदमच, म्हणजे "एका घोटात दोन कामं". पण कॅल्शियममुळं थायरॉईडची गोळी अंगाला नीट लागत नाही, मधे चार तास तरी हवेत, आणि चहासुद्धा अर्ध्या-एक तासानं. ती गोळी आता दात घासायच्या ब्रशापाशी असते, कॅल्शियम डॉक्टरांना विचारून रात्रीच्या जेवणावर नेलं.

संकष्टीला मात्र काकू एकही गोळी घेत नव्हत्या, उपास मोडतो म्हणून. त्यावर मी वाद घातला नाही. उपाशीपोटी ग्लिमेपिराईड, म्हणजे त्यांची शुगरची गोळी, घेतली तर साखर घसरून चक्कर येते, म्हणजे ती एक न घेण्यात त्यांचं अगदीच चुकत नव्हतं, पण बाकीच्या का सोडायच्या? उपासाच्या दिवशी काय घ्यायचं, काय नाही, हे डॉक्टरांकडनं वेगळ्या चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि कॅलेंडरमागं चिकटवलं.

मुलाला एकच काम दिलं. फोनवर "घेतल्या का?" विचारायचं नाही, कारण त्याला "हो" शिवाय उत्तरच नसतं. "आज कुठली राहिली?" असं विचारायचं, आणि राहिली म्हणाल्या तर ओरडायचं नाही. पहिले आठ दिवस काकू "कुठलीबी न्हाई" म्हणत होत्या, त्याचा काय विश्वास बसेना. नवव्या दिवशी त्याचा मला फोन, आवाज एकदम खुशीत, "मॅडम, आई म्हणाली काल रात्रीची राहिली, पाहुणे होते म्हणून!"