वाचकांचे प्रश्न : तांबे विरल आम्लाला दाद का देत नाही?

प्रश्न : जस्त आणि तांबे आवर्तसारणीत शेजारी-शेजारी. तरी जस्ताचे प्रमाण इलेक्ट्रोड पोटेन्शियल (हायड्रोजनच्या तुलनेत आयनाची इलेक्ट्रॉन घेऊन धातू होण्याची ओढ) −०.७६ व्होल्ट आणि तांब्याचे +०.३४ कसे? तांब्याचे इलेक्ट्रॉन काढणे अवघड, एवढेच कारण आहे का?

उत्तर : ते कारण आहे, पण किरकोळ. घन धातूतून आधी सुटा अणू बाहेर काढायचा, मग त्याचे दोन इलेक्ट्रॉन; शेवटी आयन पाण्यात शिरताना (हायड्रेशन) ऊर्जा परत मिळते. किलोज्यूल प्रतिमोलमध्ये हिशेब असा :

जस्त : १३१ + २६३९ − २०४६ = ७२४
तांबे : ३३८ + २७०३ − २१०० = ९४१

आयनीकरणात तांब्याला ६४ जास्त लागतात, पण त्यातले ५४ हायड्रेशनमध्ये भरून निघतात. खरा फरक पहिल्या पायरीचा, तब्बल २०७! तांब्याच्या अणूंमधले बंध जस्तापेक्षा कितीतरी घट्ट आहेत. तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते, जस्त ४२० लाच.

आता हायड्रोजनशी तुलना करा. दोन हायड्रोजन आयनांसाठी हाच हिशेब ८७८ येतो. म्हणजे जस्त १५४ ने खाली, तांबे ६३ ने वर; म्हणूनच जस्त विरल आम्लातून हायड्रोजन बाहेर काढते, तांबे काढत नाही. १९३ ने (दोन इलेक्ट्रॉन × ९६.५ किलोज्यूल प्रतिव्होल्ट) भागले की −०.८० आणि +०.३३ व्होल्ट मिळतात. जस्ताची उरलेली तफावत एन्ट्रॉपीची (अव्यवस्थेतल्या बदलाची) : व्होल्ट गिब्ज ऊर्जेवरून, म्हणजे एन्ट्रॉपीही धरलेल्या ऊर्जेवरून ठरतात, आणि ती जस्तासाठी −१४७ आहे.

हायड्रेशनचे आकडे मात्र एकाच तक्त्यातून घ्या. एकट्या आयनाचा आकडा थेट मोजता येत नाही; हायड्रोजन आयनासाठी एक किंमत (इथे −१०९१) धरून बाकीचे काढतात. ती बदलली की द्विप्रभारी आयनाचा आकडा त्या बदलाच्या दुपटीने सरकतो. बहुतेकांचे गणित इथेच फसते.

प्रश्न : क्युप्रिक (Cu²⁺) ते क्युप्रस (Cu⁺) ०.१५ व्होल्ट, क्युप्रस ते तांबे ०.५२. बेरीज ०.६७, मग तक्त्यात ०.३४ का?

उत्तर : बेरीज ऊर्जेची करायची, व्होल्टची नाही. प्रत्येक पायरीचे व्होल्ट तिच्या इलेक्ट्रॉनसंख्येने गुणा, बेरजेला एकूण इलेक्ट्रॉनांनी भागा : ०.६७ ÷ २ = ०.३३५. लोखंडात फेरिक (Fe³⁺) ते फेरस (Fe²⁺) ०.७७ (एक इलेक्ट्रॉन), फेरस ते लोखंड −०.४४ (दोन), म्हणून (०.७७ − ०.८८) ÷ ३, म्हणजे सुमारे −०.०४. पूर्ण सेलमध्ये दोन्हीकडचे इलेक्ट्रॉन सारखेच असतात, तिथे व्होल्टची थेट वजाबाकी चालते.

तुमच्याच आकड्यांतून आणखी एक गोष्ट निघते. ०.५२ हे ०.१५ पेक्षा मोठे असल्याने पाण्यातला सुटा क्युप्रस आयन टिकत नाही : दोन क्युप्रस मिळून एक क्युप्रिक आणि एक तांबे होते. फरक ०.३७ व्होल्टचा, म्हणजे २५ अंशांना समतोल स्थिरांक (अभिक्रिया पुढच्या बाजूला किती झुकते याचे माप) दहा लाखांच्या वर.