सीलंट लावलं, तरी दाढ किडली कशी?

सोलापुरात अशोक चौकाजवळ राहणारी एक आई. मुलगी सात वर्षांची, दुधाच्या चार दाढा किडलेल्या. दंतवैद्यांनी नव्या पक्क्या दाढांना सीलंट, म्हणजे दाढेवरच्या खाचा बुजवणारा पातळ थर, लावायला सांगितलं, पण घरी एकमत होईना. "जावेच्या मुलाला लावलं होतं मॅडम. दीड वर्षात त्याच दाढेत सिमेंट भरावं लागलं. आणि सासूबाई म्हणतात, पडणारेच दात, पैसे कशाला घालवता?"

सासूबाईंचा गैरसमज घरोघरी आहे. सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी दाढ दुधाच्या दाढांच्या मागे येते, तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही. त्यामुळे ती दुधाचीच वाटते. आईला मुलीच्या तोंडात मोजायला लावलं : पुढच्या मधल्या रेषेपासून सहावा दात. ही दाढ पडली तर पुन्हा येत नाही.

जावेच्या मुलाबद्दल दोनच प्रश्न विचारले. कीड दाढेच्या वरच्या खाचेत होती की दोन दाढांच्या मध्ये? आणि सीलंट लावल्यावर तपासणीला किती वेळा नेलं? उत्तर : खाचेतच, आणि एकदाही नाही.

मध्ये असती तर सीलंटचा दोष नव्हता, कारण दोन दाढांमधली फट ते झाकतच नाही. ते फक्त चावायच्या पृष्ठभागावरच्या खाचा बुजवतं. या खाचा इतक्या अरुंद असतात की ब्रशचा केस तळाशी पोचत नाही, शेंगापोळीचा गूळ मात्र पोचतो. या मुलाच्या बाबतीत सीलंटचा तुकडा उडाला असणार. दुखत नाही, म्हणून कुणाला कळत नाही.

तुकडा का उडतो, हे लावण्याची पद्धत पाहिली की समजतं. दाढ साफ करून कापसाच्या गुंडाळ्यांनी लाळ अडवतात. सुमारे ३७ टक्क्यांचं फॉस्फोरिक आम्लाचं जेल १५ ते ३० सेकंद ठेवतात, धुतात, वाळवतात. दाढ खडूसारखी पांढुरकी दिसली पाहिजे. मग पातळ रेझिन, म्हणजे सीलंटचा प्लास्टिकसारखा द्रव, खाचांत सोडून निळ्या प्रकाशाने साधारण २० सेकंद कडक करतात आणि चावा तपासतात. इंजेक्शन नाही, कोरणं नाही. सगळं अवलंबून असतं कोरडेपणावर. जेल धुतल्यावर लाळेचा थेंब लागला तर रेझिन पकड घेत नाही आणि तिथून पुन्हा जेल लावावं लागतं. मूल रडत असेल, जीभ वळवळत असेल, तर तो दिवस सोडून द्यावा. उरकून टाकलेलं सीलंट लवकर उडतं.

मग उपयोग किती? अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या माहितीप्रमाणे मागच्या दातांतली कीड दोन वर्षं सुमारे ८० टक्के टळते, चार वर्षांपर्यंत सुमारे ५० टक्के. हा उतार लक्षात ठेवण्यासारखा आहे. दुधाच्या दाढा आधीच किडलेल्या मुलांना कीड लागण्याचा धोका जास्त, म्हणून त्यांना फायदाही जास्त.

आईची शेवटची भीती : आत कीड अडकून वाढली तर? खड्डा पडलेला नसेल, नुसती सुरुवात असेल, तर सीलंटखाली जंतूंचं खाणं तुटतं आणि कीड थांबते. खड्डा असेल तर मात्र सीलंट नको, सिमेंटच भरायचं.

मुलीच्या खालच्या डाव्या दाढेचा मागचा भाग अजून हिरडीखाली होता, ती कोरडी राहणं कठीण. तिथे दंतवैद्यांनी तात्पुरतं ग्लास आयोनोमर हे दुसऱ्या प्रकारचं सीलंट लावलं. ते कमी टिकतं, पण ओलसरपणा सोसतं आणि फ्लोराइड सोडतं. बाकी तिन्ही दाढांना रेझिन. घरी दोनदा ब्रश, त्यातला एक रात्री झोपताना, किमान १००० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी. ट्यूबच्या मागे आकडा छापलेला असतो, मुलांच्या काही पेस्टमध्ये तो बराच कमी निघतो.

तपासणी दर सहा महिन्यांनी. तारखा लक्षात राहत नाहीत म्हणाल्यावर आईनेच हिशेब लावला : एकदा संक्रांतीच्या गड्डा यात्रेआधी, एकदा आषाढीला. आषाढीच्या फेरीत वरच्या उजव्या दाढेवरचा कोपरा उडालेला सापडला. खाली कीड नव्हती. तेवढाच भाग पुन्हा लावून मुलगी शाळेत गेली.