लग्न, नोकरी, मुलं सांभाळून फ्रान्सिस्कन थर्ड ऑर्डरमध्ये जाता येतं का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: घर सोडावं लागतं का, बायको हिंदू आहे तर चालतं का, आणि आत गेल्यावर नेमकं करायचं काय. घर अजिबात सोडायचं नाही, पगार, ईएमआय, सासू-सासरे, पोरांच्या ट्यूशन सगळं आहे तिथेच राहतं, कारण ही ऑर्डर, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसच्या मार्गाने जगणाऱ्या कॅथलिकांची संघटना, मुळात घरदार असलेल्यांसाठीच आहे. मी बोरिवलीची ईस्ट इंडियन (म्हणजे मुंबईकडची मूळची कॅथलिक), बँकेत नोकरीला, दोन मुलांची आई आणि सेक्युलर फ्रान्सिस्कन ऑर्डरची (जुनी माणसं अजून थर्ड ऑर्डरच म्हणतात) कायमची सदस्य, त्यामुळे ऐकीव सांगत नाहीये.

आधी एक घोळ सोडवते, कारण तुमच्या प्रश्नात ब्रदर आणि सदस्य एकच धरलेत. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया घ्या. ते फादर नव्हते, पण फ्रान्सिस्कन ब्रदर होते, म्हणजे ब्रह्मचर्य, दारिद्र्य, आज्ञापालन ही व्रतं घेतलेले, मठात राहणारे. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत त्यांना क्रुसावर मारलं तेव्हा एकूण २६ जण होते: सहा फ्रान्सिस्कन, तीन जेझुइट (हा कॅथलिकांचा दुसरा संघ) आणि १७ जपानी प्रापंचिक माणसं, ज्यांना ऑर्डरच्या परंपरेत थर्ड ऑर्डरचे म्हणून धरतात. त्यात एक बाप-लेक होते, एक मुलगा तर बारा वर्षांचा. तर तुम्ही गोन्सालोंच्या नाही, त्या सतरा जणांच्या रांगेत जाणार आहात. झगा नाही, नावामागे ब्रदर-सिस्टर नाही, गळ्यात एक छोटा लाकडी टाऊ क्रॉस (इंग्रजी T च्या आकाराचा), तोही बरेच जण शर्टाच्या आतच ठेवतात.

आणि हे काही आजकाल निघालेलं फॅड नाही. असिसीकर संत फ्रान्सिस हयात असतानाच, १२२१ मध्ये, अशा लोकांसाठी पहिली नियमावली झाली, मग १२८९, मग १८८३, आणि आत्ताची चालू आहे ती पोप पॉल सहावे यांनी १९७८ मध्ये मंजूर केलेली. पहिले सदस्य कोण तर लुकेझिओ नावाचा व्यापारी आणि त्याची बायको बुओनादोना, असं परंपरा सांगते. म्हणजे सुरुवातच नवरा-बायकोपासून.

आता बायकोचं. ती हिंदू आहे म्हणून तुम्हाला कोणी नाकारणार नाही, पण तुमचं लग्न चर्चच्या हिशोबात बसतं का हे बघतील. रीतसर परवानगी काढून चर्चमध्ये लग्न झालं असेल तर प्रश्नच नाही, नुसतं कोर्ट मॅरेज असेल तर आधी पॅरिशच्या, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चच्या, फादरशी बोलून ते नीट करून घ्या, कारण सदस्य हा चर्चशी पूर्ण जोडलेला, संस्कार घेणारा कॅथलिक असावा ही मूळ अट आहे. पोप लिओ तेरावे यांच्या १८८३ च्या नियमात तर लग्न झालेल्या बायकांना नवऱ्याच्या संमतीशिवाय सहसा घ्यायचे नाहीत. आता तसं काही नाही, पण माझं मत विचाराल तर घरच्या माणसाला न सांगता जाऊच नका. महिन्यातला एक अख्खा रविवार जातो, तो तिच्याही वाटणीचा असतो ना.

प्रोसेस अशी की आधी काही महिने नुसतं येऊन बसायचं, बघायचं, मग रीतसर प्रवेश, मग फॉर्मेशन, म्हणजे नियम, फ्रान्सिसचं आयुष्य, बायबल यांचा अभ्यास, हे नियमाप्रमाणे कमीत कमी एक वर्ष पण बहुतेक ठिकाणी जास्तच चालतं, आणि मग गटाची कौन्सिल ठरवते आणि प्रोफेशनचा, म्हणजे कायमचं सदस्य होण्याचा, विधी होतो. त्यात व्रत नसतं, वचन असतं. बाप्तिस्म्याची वचनं पुन्हा म्हणायची आणि मी आहे त्या संसारी अवस्थेतच जन्मभर शुभवर्तमानाप्रमाणे जगेन असं सगळ्यांसमोर बोलायचं. जन्मभर हा शब्द नीट वाचा. जिमची मेंबरशिप नाही की जानेवारीत घेतली आणि मार्चमध्ये सोडली. प्रवेश फी नाही, कॉमन फंडात ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे टाकायचं.

करायचं काय, तर प्रार्थना, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) वगैरे आहेच. सकाळची प्रार्थना मी विरार लोकलमध्ये मोबाइलवर म्हणते, सीट मिळाली तर बसून नाहीतर लटकून, देवाला चालतं. पण खरं काम आहे फ्रॅटर्निटी, म्हणजे सदस्यांचा स्थानिक गट, आणि हे मला तुम्हाला ठासून सांगायचंय कारण तुमच्या लिहिण्यावरून वाटतं की तुम्हाला शांतता हवीये. ती इथे फारशी मिळणार नाही. आमची मीटिंग मिस्सानंतर पॅरिश हॉलमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडायच्या, शेजारी कॉन्फर्मेशनच्या (दृढीकरण संस्काराच्या) पोरांचा गोंधळ, सेक्रेटरी आंटी मागच्या महिन्याची मिनिट्स वहीतून वाचतात, आणि एक अंकल दर वेळी त्याच मुद्द्यावर उठतात की फंडातले पैसे आजारी मेंबरला द्यायचे की बाहेरच्या गरिबाला. फटीचा स्टीलचा डबा फिरतो, कोणी किती टाकले कोणाला कळत नाही. एका मेंबरचे गुडघे गेले, त्यांना हॉलचे जिने चढवेनात, तर कित्येक महिने मीटिंग त्यांच्या सोसायटीच्या ऑफिसात झाली, मेंटेनन्सच्या फायलींच्या मध्ये बसून आम्ही स्तोत्रं म्हणायचो आणि वॉचमन पाण्याच्या टँकरची चौकशी करायला डोकावायचा. दर तीन वर्षांनी निवडणूक होते, आणि ज्याच्याशी तुमचं पटत नाही तोच मिनिस्टर (गटाचा प्रमुख) झाला तर त्याचंही ऐकायचं. फादर फक्त आध्यात्मिक मार्गदर्शन करतात, कारभार आमचा आम्हीच बघतो.

एकट्याने घरी बसून सेक्युलर फ्रान्सिस्कन होता येत नाही. नवी फ्रॅटर्निटी काढायलासुद्धा कायमचे निदान पाच सदस्य लागतात. ज्यांना माणसांचा कंटाळा आहे ते फॉर्मेशनमध्येच गळतात, आणि ते बरंच आहे.

नियमाचं अकरावं कलम मुंबईकराला जरा झोंबतं: गरजा कमी करा, मालकीच्या मागे लागू नका. भिकारी व्हा असं नाही, घर घ्या, गाडी घ्या, पण आपल्याकडे एक बीएचके झाला की लगेच दोनची स्वप्नं सुरू होतात, तिथे थांबून विचारायचं की हे खरंच लागतं का. आमच्या घरी यावरून माझ्यात आणि नवऱ्यात अजून वाद होतात, तो सदस्य नाही, आणि कधीकधी त्याचंच बरोबर असतं.

बाकीच्या ऑर्डर थोडक्यात. कार्मेलाईटांच्या डिस्कॅल्स्ड (अनवाणी) शाखेची प्रापंचिक ऑर्डर आहे, तिथे रोज अर्धा तास मौन प्रार्थना आणि फॉर्मेशन बरंच लांब. डॉमिनिकनांकडे अभ्यास आणि प्रवचनाचा ओढा. बेनेडिक्टिन ओब्लेट (संसारात राहणारे सदस्य) एका ठरावीक मठाशी बांधलेले असतात. तुम्हाला शांतताच हवी असेल तर कार्मेल आधी बघा, मनापासून सांगते. एकाच वेळी दोन ऑर्डरमध्ये कायमचं वचन देता येत नाही, त्यामुळे घाई नको.

सुरुवात करायला पुस्तकं नकोत. तुमच्या फादरना विचारा की जवळची फ्रॅटर्निटी कुठली, त्यांना माहीत नसेल तर कुठल्याही कॅपुचिन (फ्रान्सिस्कनांचीच एक शाखा) फादरना विचारा, ते नक्की सांगतील. बाप्तिस्मा आणि कॉन्फर्मेशनचे दाखले शोधून ठेवा, गावच्या पॅरिशमधून आणायचे असतील तर वेळ लागतो. आणि पहिल्या मीटिंगला बायकोला घेऊन या, पाहुणे चालतात. शेवटी चहा आणि कोणाच्या तरी घरचा केक असतो, तेव्हा आमच्या आंट्या तिला इतके प्रश्न विचारतील की घरी जाताना निर्णय तीच सांगेल.