इटालियनमध्ये समोरच्याची मनःस्थिती विचारताना

तुम्ही नुकतीच इटालियन शिकायला सुरुवात केली आहे, म्हणून आधी एवढेच सांगतो की 'कोमे स्ताई?' ('कसा आहेस?') हा प्रश्न मित्रासाठी आहे आणि वडीलधाऱ्या किंवा अपरिचित व्यक्तीला 'कोमे स्ता?' असे विचारावे; आपल्या 'तू' आणि 'आपण' यांची सवय असल्याने हा भेद तुम्हाला जड जाणार नाही. खरी अडचण उत्तरात येते. 'मी बरा आहे' याचे शब्दशः भाषांतर करून 'सोनो बेने' म्हणण्याचा मोह होतो (मलाही पहिले काही महिने झाला होता), परंतु तेथे 'स्तो बेने' हेच योग्य आहे, कारण प्रकृती आणि हालहवाल यांसाठी 'स्तारे' हे क्रियापद वापरतात, तर आनंदी, दुःखी, थकलेला अशा विशेषणांपुढे 'एस्सेरे' ('असणे'; 'सोनो' हे त्याचेच रूप) येते. विशेषण लिंगानुसार बदलते: 'मी थकलो आहे' यासाठी पुरुष 'सोनो स्तांको' म्हणतो, स्त्री 'सोनो स्तांका'. भीतीचे मात्र निराळेच आहे. आपल्याला ती वाटते, इटालियन माणसाकडे ती असते, म्हणून 'ओ पाऊरा'.

कोणी उदास दिसल्यास 'कोमे ति सेन्ति?' ('तुला कसे वाटते आहे?') किंवा जवळीक असेल तर 'के आई?' ('तुला काय झाले आहे?') असे विचारावे; हा दुसरा प्रश्न चढ्या आवाजात विचारल्यास जाब विचारल्यासारखा वाटतो. उत्तरादाखल नुसते 'इन्सोम्मा' ऐकू आले, तर फारसे ठीक नाही असे समजावे.