जुन्या कर्जाचा पीएमआय नव्या लेंडरकडे जात नाही

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये ५,२०,००० डॉलरला टाउनहाउस घेतलं. १० टक्के डाउन पेमेंट केलं आणि ४,६८,००० चं ३० वर्षांचं कन्व्हेन्शनल (सरकारी हमी नसलेलं) कर्ज ७.५ टक्क्यांनी काढलं. त्यावर महिन्याला १९० डॉलर पीएमआय (प्रायव्हेट मॉर्गेज इन्शुरन्स, म्हणजे कर्ज बुडालं तर लेंडरला भरपाई देणारा विमा) जातो. आता दुसरा लेंडर ६.२५ टक्क्यांनी कर्ज द्यायला तयार आहे. मुद्दल सुमारे ४,५७,००० उरलंय, नवं अप्रेझल (घराच्या किमतीचं मूल्यांकन) ५,६०,००० चं आलंय. लोन ऑफिसर फोनवर म्हणाला, "तुमचा आधीचाच पीएमआय पुढे चालेल." लोन एस्टिमेटवर (नव्या कर्जाच्या लेखी अंदाजपत्रकावर) मात्र १२० डॉलरचा नवा पीएमआय दिसतो. नको असेल तर "नो पीएमआय" कर्ज ६.६२५ टक्क्यांनी मिळेल म्हणतात. अडीच वर्षं भरलेले पैसे गेले का? आणि आता काय करावं?

उत्तर: फोनवरचं विसरा, कागदावरचं धरा. पीएमआयचे पैसे तुम्ही भरता, पण तो विमा लेंडरचा असतो आणि त्या एका कर्जापुरताच असतो. जुनं कर्ज फिटलं की तो संपला. नवा लेंडर नव्या कर्जाचा हिशोब नव्याने मांडणार, आणि कर्ज घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांवर असेल तर नवा पीएमआय मागणार. तुमचं ४,५७,००० म्हणजे ५,६०,००० च्या ८१.६ टक्के. अडीच वर्षांत भरलेले हप्ते परत मिळत नाहीत. तेवढ्या काळाचं संरक्षण लेंडरला मिळून गेलं. सुरुवातीलाच एकरकमी प्रीमियम भरला असता तर परताव्याची अट तपासण्यात अर्थ होता. तुमचा प्रीमियम मासिक आहे.

रिफायनान्स (नवं कर्ज काढून जुनं फेडणं) न करता जुन्याच कर्जावरचा पीएमआय काढता येईल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. १९९८ च्या होमओनर्स प्रोटेक्शन अ‍ॅक्टनुसार मुद्दल ८० टक्क्यांवर आलं की पीएमआय काढून मागता येतो, पण ८० टक्के मोजायचे ते मूळ किमतीवर, म्हणजे तुमच्या बाबतीत मुद्दल ४,१६,००० वर यायला हवं. कर्ज फॅनी मेकडे (लेंडरांकडून गृहकर्जं विकत घेणारी संस्था) असेल तर आजच्या किमतीवरही अर्ज करता येतो, पण कर्जाला दोन ते पाच वर्षं झालेली असताना मर्यादा ७५ टक्क्यांची, म्हणजे ४,२०,०००. दोन्ही आकडे तुमच्यापासून ३५ हजारांहून लांब आहेत. तो रस्ता सध्या बंद.

रिफायनान्स केलं की मात्र चित्र पालटतं. कायद्याच्या भाषेत नव्या कर्जाची "मूळ किंमत" म्हणजे लेंडरने ज्यावर कर्ज मंजूर केलं ते नवं अप्रेझल. त्याचे ८० टक्के ४,४८,०००. तुम्ही फक्त ९,००० डॉलरने अडलाय! ते बाजूला असतील तर क्लोजिंगला (नव्या कर्जाच्या सह्या होताना) भरा आणि पीएमआयचा विषयच मिटवा. दोन गोष्टी मात्र सांभाळा. क्लोजिंगचा खर्च कर्जात मिसळू देऊ नका, नाहीतर पुन्हा ८० च्या वर जाल. आणि जुन्या लेंडरकडून लेखी पे-ऑफ स्टेटमेंट घ्या; त्यात मुद्दलावर रोजचं व्याज चढलेलं असतं, त्यामुळे हातात ९,००० हून थोडे जास्तच लागतील. जुन्या एस्क्रोतले (घराचा कर आणि विमा भरण्यासाठी लेंडरकडे साठवलेले) पैसे परत येतात, पण कर्ज फिटल्यानंतर, कामकाजाच्या २० दिवसांत. क्लोजिंगच्या टेबलावर ते कामाला येत नाहीत.

९,००० नसतील तर? मग १२० डॉलरवालं कर्ज घ्या, "नो पीएमआय" नको. त्या नावाखाली विमा असतोच, तो लेंडर भरतो आणि जास्त व्याजातून वसूल करतो. तुमच्या रकमेवर ६.६२५ आणि ६.२५ मधला फरक महिन्याला सुमारे ११२ डॉलर पडतो. पीएमआयपेक्षा आठ डॉलर स्वस्त, म्हणून मोह होतो. पण हा वाढीव दर कर्ज असेपर्यंत राहणार, आणि तो रद्द करून मागायचा हक्क तुम्हाला नाही (हे लेंडरने कमिटमेंटच्या (कर्जमंजुरीच्या) आधी लेखी कळवलंच पाहिजे). उलट १२० डॉलरचा पीएमआय साधारण २० महिन्यांत, मुद्दल ४,४८,००० वर आलं की, लेखी अर्ज करून काढता येतो. तुम्ही काहीच केलं नाहीत तरी वेळापत्रकाप्रमाणे ७८ टक्क्यांना, म्हणजे साडेतीन वर्षांच्या आसपास, तो आपोआप बंद व्हायला हवा. हप्ते मात्र थकलेले नकोत. अर्ज करायचा तर गेल्या वर्षात एकही हप्ता ३० दिवस आणि त्याआधीच्या वर्षात ६० दिवस उशिरा गेलेला चालत नाही. घराची किंमत उतरलेली नाही याचा पुरावा लेंडर मागू शकतो. आणि तोवर घरावर होम इक्विटीचं दुसरं कर्ज काढू नका, त्यावर अर्ज अडतो.

सही करण्याआधी अप्रेझलची प्रत नीट वाचा; ती विनामूल्य मिळणं तुमचा हक्क आहे. तुलनेसाठी घेतलेली घरं खरंच तुमच्यासारखी आहेत का? किंमत ५,७१,२५० निघाली असती तर ९,००० चा प्रश्नच उरला नसता. तुमच्याच वसाहतीत नुकतं जास्त किमतीला गेलेलं घर त्यातून सुटलं असेल, तर लेंडरकडे फेरविचाराची लेखी मागणी करा.

नव्या लेंडरसाठी नवा टायटल इन्शुरन्स (घराच्या मालकीहक्काचा विमा) लागेल, त्याचा रिफायनान्सचा दर मागा. घर घेताना काढलेली तुमची स्वतःची ओनर्स पॉलिसी चालूच राहते, ती पुन्हा घेऊ नका. तुम्ही त्याच घरात राहता, म्हणून सही केल्यावरही कामकाजाचे तीन दिवस (शनिवार धरून) कर्ज रद्द करता येतं. घर दोघांच्या नावावर असेल तर नवरा किंवा बायको, एकाचीही लेखी नोटीस पुरते. ते दिवस उलटेपर्यंत नवं कर्ज हातात पडत नाही, तेव्हा जुन्याचा हप्ता आला तर तो वेळेवर भरा.