फाळका उघडण्याआधी

ट्रकमधला माल उतरवायच्या कामात तू नवा आहेस, म्हणून सगळ्यात आधी हे सांगतो: पडणारा माल झेलायला जाऊ नकोस. हात आपोआप पुढे जातो, मला माहीत आहे. पण 25 किलोचं पोतं 2 मीटरवरून पडलं तर खाली येईपर्यंत त्याचा वेग ताशी 22 किलोमीटरच्या आसपास असतो, आणि वेळ मिळतो एका सेकंदापेक्षा कमी. फुटलं तर फुटू दे. तू बाजूला हो.

सगळ्यात धोक्याचा क्षण म्हणजे ट्रकचं दार किंवा फाळका (माल अडवणारी, उघडता येणारी फळी) उघडतानाचा. वाटेतल्या खड्ड्यांनी, ब्रेकांनी थप्पी सरकलेली असते आणि सगळा भार दाराला टेकलेला असतो. माझ्या शेजारच्या माणसाने एकदा समोर उभं राहून कडी काढली. वरचं खोकं थेट खांद्यावर आलं, हाड मोडलं. तेव्हापासून मी आधी फटीतून आत बघतो, मग दाराच्या आडोशाला राहून एकच पल्ला हळू उघडतो. पट्टे सोडतानाही तसंच. ताणलेला पट्टाच कधीकधी माल धरून असतो.

माल वरून खाली, पायऱ्या करत उतरव. खालचं पोतं ओढून काढणारे भेटतील, त्यांचं ऐकू नकोस. चाकांना ठोकळे, डोक्यावर हेल्मेट, पायात टोकाला पोलाद असलेले बूट हे तर हवेतच.

डोक्याला मार बसला आणि नंतर उलटी, गुंगी किंवा वाढती डोकेदुखी झाली, तर लगेच दवाखाना गाठ. थोडक्यात वाचलास तरी मुकादमाला सांग, त्याच दिवशी.